गेमकर

गेम खेळणारा मुलगा आणि गेम बनवायला घेतलेला मुलगा यांतला फरक मागून बघूनही कळतो. खेळणारा शत्रूच्या मागे लागलेला असतो. बनवायला घेतलेला भिंतीला नाक लावून उभा असतो आणि शत्रू त्याला मागून खुशाल बडवत असतात. दगडावर सावली कशी पडलीय, पाण्यात पाय टाकला की तरंग उठतात का, समोरचं दार खरंच दार आहे की दाराचं चित्र, याची त्याला पाहणी करायची असते. लग्नाला जाऊन जेवणाऐवजी मांडवाचं बांधकाम तपासणारे काका असतात ना, त्यांचीच ही धाकटी पाती.

पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात, कॉम्प्युटर शाखेत, असा एक तरी सापडतोच. आपण त्याला गेमकर म्हणू.

गेमकरचा पहिला गेम शिवकालीन आणि ओपन वर्ल्ड असतो. याला अपवाद माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘असॅसिन्स क्रीडसारखं, पण सह्याद्रीत,’ एवढ्या एका वाक्यावर टीम जमते. साडेतीनशे किल्ले, सगळ्यांवर चढता येणार. आग्र्याला जायचं तर खरोखर घोड्यावरून जावं लागणार. ‘असॅसिन्स क्रीड’ संपून पडद्यावर नावं सरकू लागली की उठून चहा करावा, प्यावा, कप धुऊन ठेवावा, तरी नावं चालूच असतात. इथे टीम चौघांची. कोडिंग गेमकर स्वतः करणार. दुसऱ्याच्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड आहे, हीच त्याची पात्रता. तिसरा कथा लिहिणार आहे. चौथ्याकडे बाईक आहे.

कामाला सुरुवात लोगोपासून होते. मग इन्स्टाग्रामचं पान, त्यावर जळती मशाल आणि ‘कमिंग सून’. मग मेनू. मेनूत आवाज कमी-जास्त करायची पट्टी असते. आवाज अजून नसतो. तिथलं चालणारं बटण एकच, ‘बाहेर पडा’.

त्यानंतर इंजिन कुठलं वापरायचं यावर अमृततुल्यात चर्चा बसते, ती सेमिस्टरभर उठत नाही. युनिटी घ्यावं, तर सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं होतं. जगभर ओरड झाली, वर्षभराने ते रद्दही झालं, पण गेमकरचा विश्वास उडाला तो उडालाच. अनरियल घ्यावं, तर गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली की ते पाच टक्के घेतात. हे कळल्यावर तो खरोखर अस्वस्थ झाला. गेममधल्या मावळ्याला अजून पाय फुटले नव्हते, पण त्या पाच टक्क्यांनी त्याची झोप उडवली. शेवटी गोडो ठरलं. फुकट, खुलं, आणि हमी अशी की कोणी कधी पैसे मागणार नाही. हे नाव बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’वरून ठेवलेलं आहे. गेमकरचे वडील प्रायोगिक नाटकं बघून वाढलेले. दोन माणसं सबंध नाटकभर गोदोची वाट बघतात आणि तो येतच नाही, हे त्यांना पाठ. ते एवढंच म्हणाले, “नाव अगदी योग्य निवडलंय.”

शिक्षण यूट्यूबवर होतं, दीडपट वेगाने. समोरचा मास्तर टाइप करतो तोवर सगळं समजतं. व्हिडिओ थांबवून स्वतः एक ओळ लिहायची वेळ आली की पाटी कोरी. तरी एके रात्री मावळा अवतरला. मावळा म्हणजे एक पांढरी कॅप्सूल. इंजिनमध्ये माणसाच्या जागी तात्पुरती तीच उभी करतात. आईने चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, “ही गोळी कसली रे? पित्ताची?” गेमकरने उत्साहात गुरुत्वाकर्षण लावलं. जमिनीला टणक करणारा कोलायडर लावायचा राहिला होता. मावळा जमिनीतून आरपार गेला आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून खाली जातोच आहे.

पुढचा घोळ वेगाचा. ‘प्रत्येक फ्रेमला इतकं पुढे सरक’ असं लिहिलं होतं. गेमकरच्या जुन्या लॅपटॉपवर सेकंदाला तीस फ्रेम कशाबशा निघायच्या, तिथे मावळा शिस्तीत चालायचा. ग्राफिक्स कार्डवाल्याच्या मशीनवर एकशे चव्वेचाळीस निघायच्या. तिथे तोच मावळा बघता बघता कोकणात उतरला. दोन फ्रेममध्ये किती वेळ गेला त्याने वेगाला गुणायचं असतं, हे शोधायला आठवडा गेला. त्या आठवड्यात त्याला जेवढं भौतिकशास्त्र कळलं तेवढं बारावीच्या क्लासमध्ये कळलं असतं तर फी वसूल झाली असती.

देखाव्यांसाठी फुकट मिळणारं सामान वापरायचं ठरलं. फुकट झाडं पाइनची, बुरूज युरोपातले, पहारेकरी डोक्यापासून टाचेपर्यंत पोलादात. सिंहगडावर बर्फ तेवढा पडायचा राहिला होता.

मग गेम आटायला लागला. माझ्या मते खरी गंमत इथून पुढची आहे. साडेतीनशे किल्ल्यांचे आधी बारा झाले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बाराच गेल्यामुळे याला प्रतिष्ठाही मिळाली. “युनेस्कोनेसुद्धा स्कोप कमी केला,” असं गेमकर छाती काढून सांगायचा. त्या बारांतला जिंजी तामिळनाडूत निघाला आणि बाईकवाला मागे सरला. मग यादी सोडून जवळचा सिंहगड धरला. रेफरन्स फोटोंसाठी टीम गडावर गेली. फोटो भरपूर निघाले. झुणका-भाकरीचे, मटक्यातल्या दह्याचे, भज्यांचे. कल्याण दरवाज्याचा एक निघाला, त्यात दरवाज्यासमोर चौघे असे उभे की दरवाजा दिसत नाही. मग दरवाजाही गेला. राहिला नुसता कडा, आणि कड्यावर चढणारी घोरपड.

घोरपड म्हटल्यावर वडील पेटले. १६७० मध्ये सिंहगड घेतला त्या रात्री घोरपड नव्हतीच, ती पोवाड्यातली, इतिहासकार मानत नाहीत, वगैरे. गेमकर म्हणाला, “बाबा, माणूस काढला तर हात, पाय, पागोटं, सगळं हलवावं लागतं. घोरपडीला चार फ्रेममध्ये भागतं.” हे ऐतिहासिक उत्तर नसेल, पण या धंद्यातलं खानदानी उत्तर आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मियामोतोने मारिओला मिशी दिली ती तेवढ्याशा पिक्सेलमध्ये तोंड काढता येईना म्हणून, आणि टोपी दिली ती केस हलवायला लागू नयेत म्हणून.

आता एका बटणाचा गेम उरला. दाबलं की घोरपड वर झेपावते, सोडलं की चिकटते. आणि या एका बटणावर गेमकरने सबंध दिवाळीची सुट्टी घालवली. खेळणाऱ्याचं बोट नेहमी किंचित उशिरा पडतं. खाच सुटल्यावर तो बटण दाबतो आणि शपथेवर सांगतो की वेळेत दाबलं होतं. चांगले गेम त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी सवलत गुपचूप देतात. गेमवाले याला कोयोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्हा कड्याबाहेर गेल्यावरही क्षणभर हवेत टिकतो, त्यावरून. गेमकरने घोरपडीची पकड तेवढीच उशिरा सुटेल असं केलं. कोणाला कळलं नाही, पण त्या दिवसापासून आई “अजून एकदा” म्हणायला लागली. साडेतीनशे किल्ल्यांचा बेत आखणारा पोरगा आणि सेकंदाचा दहावा भाग खेळणाऱ्याच्या पदरात टाकणारा पोरगा, यांतला दुसराच मला डिझायनर वाटतो.

टेस्टिंगचा नियम असा की खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मराठी घरात हे जमणं अवघडच. “तिथे नको दाबूस, अगं वर, वर!” असं गेमकर ओरडायचा, वडील त्याला गप्प करायला त्याहून मोठ्याने ओरडायचे. सगळ्यात कठोर परीक्षक निघाला चौथीतला मामेभाऊ. त्याने गेम सुरू केला, मुद्दाम खाच चुकवली आणि घोरपड पार खाली जगाच्या बाहेर पाडली.

“अरे, कडा चढायचाय!”

“मला खाली काय आहे ते बघायचंय, दादा.”

खाली काही नव्हतं. खाली कोणी जाईल हे गेमकरच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्री त्याने पायथ्याला एक झोपडी काढली आणि तिच्यात चूल पेटवली.

कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून हाच गेम दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्टचं सोनेरी अक्षरांचं बाईंडिंग निरखून विचारलं, “एवढाच गेम?” गेमकरने सांगितलं की १९७२ मध्ये अटारीत बुशनेलने नव्या इंजिनिअरला, अल्कॉर्नला, हात बसावा म्हणून दोन पट्ट्या आणि एक ठिपका बनवायला सांगितलं, त्याचा ‘पाँग’ झाला. सर म्हणाले, “बरं. यात एआय कुठे आहे?”

वडिलांचे प्रश्न निराळे. इथे कोणी असलं काही करतं का, या शंकेवर गेमकरने २०२० चा ‘राजी’ दाखवला. नॉडिंग हेड्स गेम्सने पुण्यातच बनवलेला, जगभर विकला गेलेला. वडिलांनी तो अर्धा तास लक्ष देऊन पाहिला आणि विचारलं, “पीएफ कापतात का?”

आता घोरपड तयार आहे. स्टीमवर गेम ठेवायला शंभर डॉलर लागतात, ते परवडेनात. गुगल प्लेचे पंचवीस डॉलर आजीने दिले. पण नव्या वैयक्तिक खात्याला गुगलची अट आहे: किमान बारा टेस्टरांनी सलग चौदा दिवस नोंद ठेवलेली असली पाहिजे, तेव्हा गेम सगळ्यांसाठी खुला करायला अर्ज करता येतो. आई, बाबा, आत्या, दोन मामा, टीममधले तिघे आणि सोसायटीचे सेक्रेटरी मिळून नऊ होतात. आजीचा फोन बटणांचा.

तेव्हा तुमच्या व्हॉट्सअॅपवर एखाद्या ओळखीच्या पोराचा “काका, तुमचा जीमेल आयडी द्याल का?” असा मेसेज आला, तर फसवणूक समजून ब्लॉक करू नका. आधी त्याच्या आईला फोन करून खात्री करून घ्या, मग आयडी द्या, गेम उतरवून घ्या आणि चौदा दिवस काढू नका. रोज दोन मिनिटं खेळलात तर उत्तमच. अभिप्राय मात्र पंधराव्या दिवशी द्या.