पाटाच्या दाराशी

इंग्लंडात कालव्यांतून नौकाविहार करण्याची एक जुनी हौस आहे, आणि जमिनीचा चढ-उतार ओलांडता यावा म्हणून त्या कालव्यांवर जागोजाग दोन्ही टोकांना दारे असलेल्या पाण्याच्या कोठ्या बांधलेल्या आहेत. नाव आत शिरली म्हणजे मागचे दार लावावयाचे, कोठीत पाणी भरावयाचे अथवा तिच्यातून सोडावयाचे, आणि नाव पुढच्या पातळीला आली म्हणजे पुढचे दार उघडून मार्गस्थ व्हावयाचे, असा तो प्रकार. माझा एक भाचा नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला स्थायिक झाला आहे. त्याने सहकुटुंब अशी एक नाव भाड्याने घेऊन वुस्टरच्या दिशेने प्रस्थान ठेवले, वाटेत टार्डेबिग येथे एकामागून एक लागणाऱ्या तीस कोठ्या स्वहस्ते उघडल्या आणि लावल्या, आणि त्यानंतर मला एक सविस्तर पत्र लिहिले, ज्यात सृष्टिसौंदर्याला चार ओळी आल्या होत्या आणि उरलेली सर्व पाने इतर नावाड्यांच्या वर्तणुकीच्या कैफियतीने भरलेली होती.

तिकडचा शिरस्ता असा, की कोठीतील पाणी समोरून येणाऱ्या नावेच्या पातळीला असेल आणि ती नाव दृष्टिपथात असेल, तर आपण थांबावे. कारण तिच्या तोंडावर कोठी उलट फिरविली, तर सुमारे 25 हजार गॅलन पाणी व्यर्थ जाते आणि समोरच्याला ताटकळत उभे राहावे लागते. भाच्याच्या डोळ्यांदेखत एका सद्गृहस्थाने अगदी हेच केले, आणि वर टोपी उंचावून अभिवादनही केले! दुसरा एक इसम पुढची दारे सताड उघडी टाकून निघून गेला. तिसऱ्याने कोठीच्या ऐन मुखाशी नाव बांधून सहकुटुंब चहा आरंभिला, आणि मागे खोळंबलेल्या नावांकडे, त्या जणू किनाऱ्यावरची झाडे असाव्यात अशा तटस्थ वृत्तीने पाहिले.

हे पत्र मी जळगावला आमच्या मामांना वाचून दाखविले. मामांनी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून उभी हयात घालविली असल्यामुळे पाणी आणि माणूस या दोहोंविषयी त्यांच्या मनात कसलाही भ्रम उरलेला नाही. पत्र संपेपर्यंत ते पानाला चुना लावीत होते. मग म्हणाले, "अरे, हे तर आपल्या गिरणेच्या पाटावरचं वर्णन झालं. फक्त नावा नाहीत एवढंच. चल, दाखवतो तुला."

नावा नाहीत हे खरेच. उत्तरेत 1854 साली सुरू झालेल्या गंगेच्या कालव्यावर माल वाहणाऱ्या नावा चालत आणि त्यांच्यासाठी अशा कोठ्याही बांधलेल्या होत्या. परंतु खानदेशातील पाट हा पिकासाठी खोदलेला असल्याने त्याच्यातून वाहून जाते ते केवळ पाणी, आणि क्वचित कोणाची तरी चप्पल. दारे मात्र पावलोपावली आहेत. आणि ज्या दाराच्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे दुसरा माणूस उभा आहे, त्या दाराशी शिष्टाचाराचा प्रश्न उपस्थित व्हावयाचाच, मग त्यातून नाव जावो अथवा गव्हाच्या वाफ्याचे पाणी.

पाचोऱ्यावरून भडगावकडे जाणारी एस. टी. गाठून आम्ही गिरणेच्या कालव्यांच्या प्रदेशात उतरलो. गिरणेवरचा जामदा बंधारा ब्रिटिश अमदानीतला. त्याच्या दोन्ही अंगांनी डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, आणि पुढे वरच्या बाजूला नांदगाव तालुक्यात गिरणा धरण झाल्यावर या कालव्यांना त्या धरणाचा आधार मिळाला. कायद्याने पाहू जाता येथील व्यवस्था निर्दोष आहे. शेतकऱ्याने नमुना नंबर सातवर पाण्याची मागणी करावी, थकबाकी असल्यास भरावी, खात्याने मंजुरी द्यावी, आवर्तन सुटले म्हणजे शेजपाळीच्या यादीप्रमाणे एकामागून एक ज्याची त्याची पाळी यावी, आणि पाटकऱ्याने दार उघडून द्यावे व मुदत संपताच लावून घ्यावे. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्यापासून 1976 च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमापर्यंत जे जे गुन्हे कल्पिले गेले, त्यांची यादी वाचली तर आपल्या शेतकऱ्याच्या कल्पकतेविषयी सरकारला किती आदर होता हे कळून येते.

प्रत्यक्षात आम्ही पाटाच्या भरावावरून चालू लागलो तेव्हा पहिल्याच दारात दगड भरलेले एक पोते रुतवून ठेवलेले आढळले. ते अशा खुबीने ठेवले होते की पाणी पुढे अडावे, मागे तुंबावे आणि तुंबलेले पाणी आपोआप वरच्या शेतात शिरावे. पोत्याचा मालक जवळच बांधावर बसला होता. मामांना पाहताच तो लगबगीने उठला, "या साहेब, बसा," म्हणाला, आणि ते पोते कोणी टाकले असावे याविषयी आमच्याइतकेच कुतूहल व्यक्त करू लागला. थोडे पुढे गेल्यावर पाटाच्या काठावरून काळ्या रबरी नळ्या पाण्यात सोडलेल्या दिसल्या. एकदा तोंडाने ओढून पाणी चालू केले की नळी भरावावरून चढून पलीकडे आपली आपण वाहत राहते, दार उघडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पंचनामा करावयास कोणी आलाच तर नळी काखेत मारून घरी नेता येते.

परंतु ज्याला खरा बेमुर्वतपणा म्हणावा तो चोरीत नसतो, असे मामांचे मत, आणि ते मला पटले. चोरी करणारा निदान शेजाऱ्याची दखल घेतो. त्याची नजर चुकवण्याचे कष्ट घेतो. खरा बेमुर्वत म्हणजे ज्याची रात्रीची पाळी कायदेशीर आहे, जो रीतसर दार उघडतो, पाणी शेतात वळवतो, घोंगडी पांघरून बांधावर आडवा होतो, आणि शेत भरून, बांध फुटून, गाडीरस्ता वाहून, नाल्याला अवेळी पूर येईपर्यंत निर्धास्त घोरतो. त्याच्या मागची पाळी ज्याची, तो बिचारा कंदील घेऊन टेलच्या शेतावरून चालत येतो, दार लावतो, आणि झोपलेल्याला उठवतो, तेव्हा उठलेला गृहस्थ डोळे चोळीत, आपल्याच घरात कोणी शिरावे अशा संतापाने विचारतो, "मना दारले हात काबर लावा?" यापेक्षाही भयंकर जात म्हणजे अतिनम्र माणसाची. हा दाराशी भेटला की दोन्ही हात जोडतो, "आधी तुम्ही घ्या, भाऊ, मी काय, मागून घेईन," म्हणतो, आणि ज्या दिवशी असे म्हणतो त्या दिवशी वरून आवर्तन बंद होणार असल्याची खबर त्याला तालुक्याच्या गावाहून आधीच लागलेली असते, आणि तो सकाळीच आपले शेत भरून घेऊन आलेला असतो.

"मग पाटकरी कुठे असतो?" मी विचारले.

"असतो ना. पण एकटा पाटकरी आणि मैलोन्‌मैल पाट. तो एका दाराशी असला की बाकीच्या दारांचे मालक कोण? ज्याचं शेत, त्याच्याच हातात फावडं. तुझ्या भाच्याच्या तिकडेही तेच. प्रत्येकाने आपलं दार आपण उघडायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? साहेब असो की आपला खानदेशी, दार हातात आलं की त्याला दारापलीकडचा माणूस दिसत नाही."

तेथून चाळीसगाव आणि चाळीसगावहून रेल्वेने धुळे. 1900 साली सुरू झालेल्या या छोट्या फाट्याच्या गाडीत जागा मिळविण्याची पद्धत खिडकीतून रुमाल टाकण्याची आहे. आमच्या बाकावर तीन रुमाल होते आणि माणूस एकही नव्हता, तथापि ते रुमाल इतक्या अधिकाराने पसरले होते, की आम्ही गाडी सुटेपर्यंत त्यांच्याशी अदबीने वागून उभेच राहिलो. रुमालांचे मालक आलेच नाहीत. ते बहुधा दुसऱ्या डब्यात, दुसऱ्यांच्या रुमालांशेजारी उभे असावेत.

धुळ्याची आखणी 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अंमलदाराने केली, रस्ते सरळ, चौक काटकोनी. पांझरा नदी मात्र त्याच्या हुकमतीबाहेरची, ती आपल्याला हवी तशी वळते. तिच्याच काठाने वर साक्री तालुक्यात जावयाचे होते. मामा म्हणाले, "आता तुला उलटी गोष्ट दाखवतो," आणि नेर ओलांडून, साक्री मागे टाकून एस. टी. पिंपळनेरच्या बाजूला लागली, तसा त्यांचा चेहरा, मुलीच्या सासरी निघालेल्या बापाचा असतो तसा किंचित अभिमानी आणि किंचित काळजीयुक्त झाला.

पांझरा, मोसम आणि आरम या तापीच्या खोऱ्यातील नद्यांवर तीनचारशे वर्षांपूर्वीपासून जी सिंचनाची रीत चालत आली, तिला फड म्हणतात. नदीत दगडी बंधारा घालावयाचा, त्यातून कालवा काढावयाचा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतोशेत जाणारे सारंग, आणि जास्तीचे पाणी परत नदीकडे सोडणारे सांडम. भिजणारी एकंदर जमीन साधारणतः चार फडांत विभागलेली असते, आणि एका फडात एका वेळी एकच पीक: एखाददुसऱ्या फडात ऊस, बाकीच्यांत गहू किंवा भात, तर एखादा फड त्या वर्षी पडीक. कोणत्या फडाला काय, हे गाव बसून ठरविते. बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने, पाणी कमी पडून एक फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्याच्या पदरी न येता सर्वांच्या पदरी येतो. आणि सर्वांच्या पदरी आलेला तोटा मनुष्यप्राणी आश्चर्यकारक शांततेने सोसतो.

परंतु मला जे पाहून आपण कोठल्या देशात आलो असे वाटले, ते हे नव्हे. आम्ही एका चारीशी पोहोचलो तेव्हा गव्हाला पाणी चालू होते, आणि ज्याचा गहू तो शेतकरी बांधावरच्या बाभळीखाली स्वस्थ बसला होता. फावडे दुसऱ्याच्याच हातात होते. हा बारेकरी. शेतोशेत पाणी देणे हे त्याचे काम, आणि ते शेत कोणाचे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कालव्याची देखरेख पाटकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे, आणि या सर्वांवर नजर ठेवण्याचे काम हवालदाराकडे. हे सर्व सरकारी नोकर नसून गावाचे नोकर, त्यांचा मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळावयाचा ही जुनी वहिवाट. बंधारा उपसणे, पाट साफ करणे यांसाठी घरटी माणूस द्यावा लागतो. शेतकऱ्याने मात्र पाण्याला हात लावावयाचा नाही. आपल्या शेताचे दार आपण उघडू नये, एवढ्या एका निर्बंधाने तेथील माणसे जितकी सभ्य झालेली दिसली, तितकी मी कोणत्याही व्याख्यानमालेने झालेली पाहिलेली नाहीत.

सभ्य म्हणजे आतून सभ्य, असे कोणी समजू नये. बाभळीखालचा शेतकरी बारेकऱ्याला मधूनमधून बिडी देऊ करीत होता, त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी करीत होता, आणि "त्या कोपऱ्याला थोडं जास्त सोडलंस तरी चालेल," असे इतक्या सहज आवाजात म्हणत होता, की जणू तो हवेविषयी बोलत असावा. बारेकऱ्याने बिडी घेतली, मुलाची हकीकत सांगितली, आणि कोपऱ्याचे पाणी ठरल्या वेळी तोडून पुढच्या वाफ्यात वळविले. मी न राहवून त्या शेतकऱ्याला विचारले, की हे पाणी कोणाचे? गिरणेच्या पाटावर ह्या प्रश्नाला मला उत्तर मिळाले होते, "पानी मना शे, भाऊ!" येथे त्याने माझ्याकडे, हा कोण अडाणी आला, अशा मुद्रेने पाहिले आणि म्हटले, "फडनं शे."

यावरून फड म्हणजे रामराज्य, असा निष्कर्ष जे काढतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्याची जमीन फडाबाहेर आहे, त्याला फडाच्या सभ्यतेचा एक थेंबही मिळत नाही. शिवाय नदीवर वरच्या बाजूला धरणे झाली, बंधाऱ्याशी येणारे पाणी पूर्वीसारखे उरले नाही, ज्यांच्या अंगी ऐपत होती त्यांनी विहिरी खोदून मोटारी बसविल्या. आणि ज्याच्या विहिरीत मोटार आहे त्याला बारेकऱ्याची मर्जी सांभाळण्याचे कारण राहत नाही. अशाने बऱ्याच गावी फड मोडकळीस आले आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात तर ज्याची विहीर त्याची, ठिबकाने ज्या त्या रोपाला मोजून थेंब, दार नाही, शेजपाळी नाही, आणि भांडावयास शेजारीही नाही. तो शिष्टाचार नव्हे, ती शिष्टाचाराची सुट्टी होय.

मामांशी परतीच्या वाटेवर याच विषयावर वाद झाला. 2005 साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला, पाणी वापर संस्था स्थापन झाल्या, पाणी मोजून संस्थेला द्यावे आणि संस्थेने सभासदांत वाटावे अशी तजवीज झाली. तेव्हा गिरणेवरही फड होईल की नाही, हा माझा मुद्दा. मामांचा प्रतिमुद्दा असा, की संस्था, ठराव, शिक्का हे सर्व होईल, त्यात कठीण काही नाही. परंतु ज्याचे स्वतःचे शेत पाटावर नाही अशा माणसाच्या हाती फावडे देऊन त्याला पोटभर धान्य घालण्याची तयारी किती गावांची आहे, ते विचारून पाहावे. भाच्याला पत्रोत्तर लिहिताना मी मामांचे मत कळविले, की विलायती कोठ्यांवर एकेक बारेकरी नेमावा. त्याने उलट टपाली लिहिले, की क्वचित ठिकाणी असे रखवालदार आहेत, आणि तेथे सर्व नावाडी एकमेकांशी विलक्षण आदबीने वागतात.

फड पाहावयाचा असेल त्यांनी रब्बीत, पाणी चालू असताना जावे. धुळ्याहून साक्रीमार्गे पिंपळनेरला एस. टी. जाते. पाटाच्या काठी बसण्यास हरकत नाही, परंतु चारीत पाय सोडून बसू नये, आणि मौज म्हणून एखादे दार उचलून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण बारेकरी पाहुण्यालाही उठवतो आणि ज्याच्या शेताशी आपण बसलो असू तो यजमान त्या वेळी आपली बाजू घेत नाही.