एसजीपीटी किती आलं?

हल्ली मला फोनवर 'कसे आहात?' असं कुणी विचारत नाही. 'एसजीपीटी किती आलं?' असं विचारतात. हिपॅटायटिस सीचं निदान झाल्यापासून माझ्याच प्रकृतीबद्दल माझ्या मताला किंमत उरलेली नाही. मला बरं वाटतंय, यावरही लॅबची सही लागते.

यात यकृताचा स्वभावही नडतो. पोट कुरकुरतं, गुडघा बोंब मारतो. यकृत वर्षानुवर्षं सोसतं आणि चकार शब्द काढत नाही. त्याच्या पेशी फुटल्या की आतलं एसजीपीटी रक्तात सांडतं, एवढीच काय ती तक्रार. ऐंशीच्या दशकात एका ऑपरेशनच्या वेळी मला रक्त चढवलं होतं. डॉक्टरांचा संशय त्या बाटलीवर. हा विषाणू सापडलाच मुळी १९८९मध्ये. तेव्हा ते रक्त कोण आणि कसं तपासणार?

पूर्वी यावर महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत आणि माणूस तापाने फणफणायचा. मला सोफॉसबुविर-वेल्पाटासविरची रोज एक गोळी, १२ आठवडे. आता एवढ्या सोप्या औषधात घरच्यांनी सेवा करायची तरी कसली? त्यांनी आकड्यांची केली. हिने कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी बिलिरुबिन मांडायला घेतलं. एसजीपीटी १४२वरून ३८वर आलं, त्या संध्याकाळी शिरा झाला. पुढच्या खेपेला ४१ आलं, तर मी बाहेर काय खाल्लं याची चौकशी बसली. ३८ आणि ४१ यांत काही फरक नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना म्हणायला काय जातंय!

विषाणूंची मोजदाद निराळी. तो व्हायरल लोड, मिलिलिटरमागे लाखांत. तो दिसेनासा झाला तरी पक्का निकाल गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी. हा मधला काळ आमच्या घराला फार जड गेला, कारण मांडायला आकडाच नव्हता. ही पेन घेऊन कॅलेंडरपर्यंत जायची आणि गॅस सिलिंडरची तारीख गिरवून परत यायची.

शेवटी लोड सापडला नाही. पण बरं झाल्यावरही अँटिबॉडीची तपासणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते, हे शेजारच्या नानांना समजावताना मला घाम फुटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे एवढ्या गोळ्या खाऊन हाती शून्य!"

"शून्यच हवं होतं, नाना."

"असू दे, असू दे. माझ्या ओळखीचा एक जण आहे, काविळीवर नाकात थेंब घालतो. रविवारी मोकळे आहात ना?"