प्रॉम्प्टराव

प्रॉम्प्टराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कॉलनीतल्या पोरांनी ठेवलेलं आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका तीनमजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रात्री अकरानंतर एका खिडकीत उजेड दिसतो. टीव्हीचा उजेड सारखा हलतो, हा हलत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी आणि खाली कमांडची वाट पाहणाऱ्या प्रॉम्प्टपाशी लुकलुकणारा एक चौकोन. त्या चौकोनापुढे चष्मा कपाळावर सरकवून जे गृहस्थ बसलेले असतात ते प्रॉम्प्टराव. या जातीची माणसं पुण्यात, डोंबिवलीत, बंगळुरूच्या मराठी घरांतही सापडतात. एक नीट पाहून ठेवला की बाकीचे लांबून ओळखू येतात.

त्यांच्या टेबलावर माउस आहे, पण वायर गुंडाळून, रबरबँड लावून ठेवलेला. "पाहुण्यांना लागतो," असं ते सांगतात. नोकरी सातपूरच्या एमआयडीसीत, मेन्टेनन्स खात्यात. छंद एकच: टॉरंट चालवणं, आणि तेही टर्मिनलमधून, कमांड टाइप करून.

तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर दुसऱ्याच वाक्यात कळतं, की ब्रॅम कोहेन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं २००१ साली बिटटॉरंट लिहिलं आणि ते पायथनमध्ये लिहिलं. पहिलं वाक्य "बसा" असतं. तिसऱ्या वाक्यापासून तत्त्वज्ञान सुरू होतं. एका सर्व्हरवर हजार माणसं एकदम तुटून पडली की सर्व्हर आडवा होतो. इथे उलट आहे. फाइलचे तुकडे करायचे आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्यानं लगेच दुसऱ्याला द्यायला लागायचं. माणसं वाढली की वेग वाढतो. स्वतःचं सगळं मिळाल्यावरही जो थांबून देत राहतो तो सीडर. घेतो आणि देत नाही तो लीचर. हा दुसरा शब्द ते टॉरंटपुरता ठेवत नाहीत. मेन्टेनन्स थकवून लिफ्ट वापरणारे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही त्यांच्या लेखी लीचरच.

"पण टॉरंट तर आमचा पुतण्यापण उतरवतो," असं कुणी म्हटलं की प्रॉम्प्टराव दुखावतात. पुतण्याच्या प्रोग्रामला खिडकी असते, रंगीत पट्ट्या असतात, बाजूला जाहिराती असतात. "खिडकी बंद केली की त्याचं काम संपलं. याला काय अर्थ आहे? डीमन पाहिजे. तो दिसत नाही, बोलत नाही, मागे बसून काम करत राहतो. आपण झोपलो तरी तो जागा."

"आणि तो जागा आहे ना, हे बघायला तुम्ही जागे," वहिनी आतून म्हणतात.

वहिनींच्या या एका वाक्यात प्रॉम्प्टराव बरेचसे येतात. ज्या यंत्रणेकडे पाहावंच लागू नये अशी रचना त्यांनी केली आहे, आणि ती पाहण्यात त्यांचा दिवस जातो. स्क्रीन नावाचा प्रोग्राम आहे. त्यात आर-टॉरंट हा टॉरंटचा प्रोग्राम चालू ठेवायचा, कंट्रोल-ए आणि मग डी दाबायचं, की आपण बाहेर आणि तो आत चालूच. मग कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत घरच्या मशीनला एसएसएच करायचं, पुन्हा आत डोकावायचं आणि सगळं जसंच्या तसं आहे हे पाहून डबा उघडायचा. पूर्वी एखाद्या दिवशी "देअर इज नो स्क्रीन टू बी रिझ्यूम्ड" असं उत्तर यायचं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत यायचा. वहिनी भाजीला नावं ठेवली असतील असं समजून गप्प बसायच्या. खरं म्हणजे दुपारी दोन तास भारनियमन झालेलं असायचं.

भारनियमनानं त्यांना खूप शिकवलं. अचानक वीज गेली की पुन्हा सुरू होताना प्रोग्रामचा अर्ध्या फाइलवर भरवसा राहत नाही. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा आधीच नोंदलेला असतो. एकेक तुकडा वाचायचा, ठसा जुळतो का पाहायचं आणि जुळला तरच पुढे जायचं. हे चालू असताना प्रॉम्प्टराव हाताची घडी घालून टक्के वाढताना पाहत राहतात. तेवढ्यात वीज पुन्हा जाते. मग त्यांनी यूपीएस घेतला. यूपीएस वीज गेली की कर्कश ओरडायचा, आणि इमारतीतल्या सगळ्यांना कळायचं की वीज गेली आहे आणि प्रॉम्प्टरावांची गेलेली नाही.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे ब्रॉडबँडची पहिली वर्षं. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. पुढे बीएसएनएलच्या एका योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या वेळात उतरवलेलं मोजत नसत. अख्ख्या महाराष्ट्रात गजर लावून दोनला उठणारी तरुण पिढी तेव्हा तयार झाली. प्रॉम्प्टराव उठत नसत. क्रॉनमध्ये दोन ओळी घातल्या की मशीन आपोआप सुरू आणि आपोआप बंद. मात्र बीएसएनएलचं घड्याळ आणि आपलं घड्याळ यांचं जमतं की नाही, ही शंका होतीच. म्हणून सुरुवात २ वाजून ५ मिनिटांनी, शेवट ७ वाजून ५५ मिनिटांनी. २५६ केबीपीएसच्या लाइनीवर ७०० एमबीची एक सीडी यायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागायचा. म्हणजे एका रात्रीत सीडी बसत नसे, थोडक्यात राहायची. त्या राहिलेल्या तुकड्यांसाठी पुढची रात्र. दिवसभर ते लोकांशी बोलायचे, पण अर्धं लक्ष त्या राहिलेल्या तुकड्यांकडे असायचं.

आता प्रश्न उरतो, ते उतरवतात काय?

लिनक्स. फक्त लिनक्स. जगभरात "मी लिनक्स उतरवतो" हे टॉरंटवाल्यांचं सभ्य उत्तर मानतात आणि ऐकणारा डोळा मिचकावतो. प्रॉम्प्टरावांची शोकांतिका अशी की त्यांच्याबाबतीत ते अक्षरशः खरं आहे. मेहुणा नव्या सिनेमासाठी आला तर त्याला कॉपीराइट कायदा ऐकावा लागतो, आणि जाताना एका डिस्ट्रिब्युशनची सीडी हातात पडते. डेबियन या डिस्ट्रिब्युशनचा पूर्ण संच कित्येक डीव्हीडींचा असतो. इन्स्टॉल करायला पहिली डिस्क पुरते, बाकीचं लागेल तसं नेटवरून येतं. प्रॉम्प्टराव सगळ्या उतरवतात. त्यातली एकही त्यांनी इन्स्टॉल केलेली नाही. त्यांच्या मशीनवर जी आहे ती जुनीच, "चाललंय ना, हात कशाला लावा" या मेन्टेनन्स खात्याच्या पहिल्या नियमानुसार.

मग हा खटाटोप कशासाठी? कोहेनच्या पद्धतीत जो तुम्हाला जास्त देतो त्याला तुम्ही आधी द्यायचं. आपल्याकडे ट्रंकेत असते ती आहेराची वहीच ही: मुंजीत त्यांनी एकावन्न दिले, तर त्यांच्याकडच्या लग्नात आपले एकावन्न. पण आहेराच्या वहीत नसलेलं एक कलम इथे आहे. साधारण दर ३० सेकंदांनी एखाद्या परक्याला, त्यानं काहीही दिलेलं नसताना, आपण होऊन द्यायचं. नव्यानं आलेल्याकडे द्यायला काहीच नसतं. पहिला तुकडा त्याला कुणी फुकट दिल्याशिवाय तो देणारा होणार कसा? हे कलम सांगताना प्रॉम्प्टरावांचा आवाज खाली येतो. रविवारची पुरवणी शेजारी देताना परत कधी मिळेल हे विचारून घेणारा माणूस तो हाच का, असं वाटतं. पण तोच. पुरवणी दिली की आपल्याकडे राहत नाही. फाइल दिली तरी राहते. आपलं काही कमी न होता दुसऱ्याला मिळतं, हा व्यवहार मध्यमवर्गीय माणसाला पन्नाशीत पहिल्यांदा दिसला तर तो हरखून जाणारच.

म्हणून त्यांचं प्रेम फाइलवर नाही, रेशोवर आहे. जेवढं घेतलं त्याच्या किती पट दिलं तो रेशो. आर-टॉरंटमध्ये प्रत्येक फाइलच्या ओळीत तो आकडा दिसतो. एकच्या खालचा आकडा म्हणजे घरावर कर्ज. एक झाला की ते सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि लगेच दोनची वाट पाहू लागतात.

संकटंही याच आकड्याला येतात. आर-टॉरंटमध्ये कंट्रोल-एस म्हणजे डाउनलोड सुरू. पण टर्मिनलच्या जुन्या रिवाजात कंट्रोल-एस म्हणजे पडदा गोठव. टर्मिनलमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे पडदा पुन्हा चालू कर, आर-टॉरंटमध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे दुकान बंद. एकाच बोटाला दोन मालक. पुढे ते ट्रान्समिशन या दुसऱ्या प्रोग्रामकडे वळले, तर तिथे वेगळी परीक्षा. डॅश आर लिहिलं की टॉरंट यादीतून जातं. डॅश आर ए डी लिहिलं की फाइलसकट जातं, आणि विचारत कुणी नाही. एकदा दोन अक्षरं जास्त पडली. रेशो ७.४ असलेली फाइल गेली. वहिनींनी विचारलं, "तुम्हाला लागणार होती का?" प्रॉम्प्टरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी चहा ठेवला.

तिसरी परीक्षा आणखी वरची. ट्रान्समिशनच्या सेटिंग्जची फाइल डीमन चालू असताना बदलली, तर बंद होताना तो आपल्या डोक्यातल्या जुन्या सेटिंग्ज तिच्यावर लिहून मोकळा होतो. म्हणून आधी डीमन थांबवायचा, मग फाइल बदलायची, मग सुरू करायचा. हा धडा प्रॉम्प्टरावांनी संसारालाही लावला आहे. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी बोलत असताना ते कधीही दुरुस्ती सुचवत नाहीत. "चालू डीमनला काही सांगण्यात अर्थ नसतो," म्हणतात, आणि तो थांबायची वाट पाहतात. सभा संपते.

अलीकडे त्यांनी सगळा कारभार एका रास्पबेरी पायवर हलवला आहे. पत्त्यांच्या जोडाएवढं यंत्र, शोकेसमध्ये नटराजाच्या मागे, शेजारी हार्ड डिस्क. तिथे डीमन स्वतःच्या वेगळ्या युजरच्या नावानं चालतो. त्यामुळे उतरलेल्या फाइलींची मालकी त्याची. पहिल्याच आठवड्यात प्रॉम्प्टरावांनी एक फाइल दुसरीकडे हलवायला घेतली, तर "परमिशन डिनाइड". आपल्याच घरात, आपल्याच डिस्कवर. रागावतील असं वाटलं होतं, पण ते खूष झाले. शिस्त असावी तर अशी.

मधल्या काळात जग बदललं. सिनेमे फोनवर थेट दिसू लागले. फायबर आला आणि वेग इतका वाढला की रात्रीची वाट पाहायचं कारण उरलं नाही. पण अनेक फायबरवाले आता बऱ्याच घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरच्याला तुमचं दार सापडतच नाही. घेण्याचा वेग दांडगा, पण मागायला कुणी येईना. दुसरा कुणी या सोयीवर खूष झाला असता. प्रॉम्प्टरावांनी महिना जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला. कशासाठी, तर परक्या माणसांना आपल्याकडून घेता यावं.

अशा वेळी खालच्या मजल्यावरचा डिप्लोमाचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन वर आला. "काका, कॉलेजला डेबियन लागतंय. तुमच्याकडे असेल ना?"

फाइल तीन फुटांवर होती. प्रॉम्प्टरावांनी पेनड्राइव्हकडे पाहिलं. "पेनड्राइव्हवर घेतलीस तर तू कुणाचाच पीअर नाहीस. टॉरंटची मॅग्नेट लिंक पाठवतो."

मुलगा खाली गेला. त्याच्या लॅपटॉपवर युरोपातून तुकडे येऊ लागले आणि एक धार वरच्या मजल्यावरून. प्रॉम्प्टराव पीअरच्या, म्हणजे देवाणघेवाण करणाऱ्यांच्या, यादीत त्याला ओळखून तासभर बसले होते. शंभर टक्के झाले आणि पुढच्याच क्षणी पीअर गायब. घेऊन पळाला! पुढे दोन महिने जिन्यात तो भेटला की प्रॉम्प्टराव भिंतीकडे पाहत. पोराला वाटे काकांना स्पाँडिलायटिस झाला आहे.

मग एका रात्री साडेअकराला बेल वाजली. मुलगा दारात, केस विस्कटलेले. "काका, सॉरी, उशीर झालाय. ट्रान्समिशन टाकलंय, डीमनवालं. सेटिंग्ज बदलतो, रीस्टार्ट करतो, तर परत जुन्याच येतात. तीन दिवस झाले."

प्रॉम्प्टरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बस," ते म्हणाले. "आणि रेशो किती झालाय?"

"शून्य पॉइंट नऊ. एक झाला की झोपणार होतो."

दुसऱ्या दिवशी मुलाची आई वहिनींना गॅलरीतून म्हणाली, "हल्ली रात्रभर काळ्या पडद्यासमोर बसतो हो. काय बघतो काही कळत नाही."

"काही बघत नाहीत हो ते," वहिनी कपडे झटकत म्हणाल्या, "नुसते वाटत बसतात. तेवढा एक यूपीएस मात्र आणून ठेवा."