चाळीस ते ऐंशी

हायब्रिड गाडीची बॅटरी मध्यमवर्गीय असते, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. गाडी तिला कधी पोटभर जेवू देत नाही आणि उपाशीही ठेवत नाही. शंभरातले चाळीस उरले की इंजिन पानात थोडं वाढतं. ऐंशीच्या आसपास गेलं की हात आखडता घेतं. बाकी सगळं आयुष्य साठाच्या आगेमागे. ब्रेक दाबल्यावर एरवी नुसती तापून वाया गेली असती ती ऊर्जासुद्धा गाठीला बांधायची आणि गाडीला निघताना जोर लागला की तीच काढून द्यायची. चैन नाही, उधारी नाही. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात पहिली प्रियस आणली तेव्हापासून हा संसार असाच चालू आहे, आणि या काटकसरीमुळेच या बॅटऱ्या दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं टिकतात. फक्त जन्मभर मधल्या मध्येच वावरल्यामुळे तिला एक खोड लागते. आपल्यात एके काळी किती मावत होतं, हेच ती विसरून जाते.

हे ज्ञान मला ऑस्टिनमधल्या एका गॅरेजात, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून मिळालं. माझ्या मित्राने दुसऱ्या पिढीची जुनी प्रियस विकत घेतली. बॅटरी थकली आहे हे माहीत असताना घेतली, किंबहुना थकली आहे म्हणूनच घेतली. आठ वर्षं किंवा लाख मैल ही तिची हमी केव्हाच उलटून गेली होती, आणि आधीच्या मालकाला गाडीच्या किमतीएवढा खर्च बॅटरीवर करायचा नव्हता. मित्रालाही तो करायचा नव्हताच. त्याला ती फक्त उघडून बघायची होती. "या वयात लोक गोल्फ शिकतात," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्याचे वडील तेव्हा कराडहून आले होते. वीज मंडळाच्या उपकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले. टेक्सासमध्ये त्यांचे दिवस फार कठीण जात होते. पायी जाण्यासारखं काही नाही आणि गाडी चालवायची नाही. त्यात घरात दोनशे व्होल्टची वस्तू आली. मी त्यांना इतकं खुश नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

मित्राने स्टिअरिंगखालच्या खाचेत एक छोटं यंत्र खोचलं आणि फोनवर कोड वाचला: पी झीरो ए एटी. त्याचा अर्थ साधारण 'हायब्रिड बॅटरी बदला' असा. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे निदान नाही. ही बिलाची सुरुवात आहे."

बाबांचं म्हणणं असं की, आधी धाकटीला विचारा. या गाडीत थोरल्या बॅटरीशिवाय एक साधी बारा व्होल्टची बॅटरीही असते, डिकीच्या उजव्या कोपऱ्यात. गाडीचे सगळे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात आणि थोरलीला मैदानात उतरवणारे रिलेही तीच ओढते. तिने मान टाकली की पडद्यावर नाही नाही ते दिवे लागतात, आणि दोनशे व्होल्ट जागच्या जागी असूनही गाडी ढिम्म हलत नाही. माणसं घाबरून मोठ्या बॅटरीचे भाव विचारू लागतात. इथे मात्र धाकटी ठणठणीत निघाली.

मग पंखा. थोरली बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे बसते आणि सीटशेजारच्या जाळीतून आतली थंड हवा ओढून घेते. जाळी तुंबली की ती तापते, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात तापायला निमित्त लागत नाही. पंखा बाहेर काढला तेव्हा त्याच्या पात्यांवर नमद्यासारखा पांढरा थर बसला होता. बोटाने उचलला तर अख्खा निघून आला: कुत्र्याचे केस. आधीच्या मालकाचं कुत्रं कोणत्या जातीचं असावं यावर बाप-लेकांची बराच वेळ चर्चा झाली.

उघडण्याचा कार्यक्रम मात्र बाबांनी उपकेंद्राच्या शिस्तीत केला. मित्राची अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन काढून वहिनींच्या ताब्यात गेली. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणले होते. बाबांनी त्यांची मनगटाकडची बाजू गुंडाळत नेली, आत हवा कोंडली आणि गालाजवळ धरून कुठून सुटते का ते पाहिलं. नारिंगी रंगाचा सर्व्हिस प्लग ओढल्यावर दहा मिनिटं थांबायचं असतं, कपॅसिटरमधला उरलासुरला भार उतरावा म्हणून. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा मोजली. "प्लग काढला म्हणजे बॅटरी बंद झाली असं समजू नकोस," ते मुलाला म्हणाले. "बॅटरीला बटण नसतं. आणि डावा हात खिशात." ज्यांना हे वाचून आपणही उघडून पाहावी असं वाटलं असेल, त्यांनी आधी असे एखादे बाबा शोधावेत. नाहीच सापडले तर गाडी गॅरेजवाल्याकडे द्यावी. यात मी थट्टा करत नाही.

आत अठ्ठावीस मॉड्यूल उभी रांगेत, वहीएवढ्या जाडीची, प्रत्येकी किलोभराची. बाबा त्यांना डबे म्हणतात. एका डब्यात सहा सेल, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे डबा ७.२ आणि सगळी रांग २०१.६ व्होल्टची. बाबांनी मार्करने मराठीत आकडे घातले आणि नातवाच्या शाळेच्या वहीत तक्ता आखला. मीटर लावला तर एक सोडून सगळे जवळपास सारखेच, पावणेआठच्या आसपास. तो एक, चौदा नंबर, सरळ सव्वा व्होल्टने खाली. म्हणजे त्याच्या पोटातला एक सेल गेलेला. त्यावर इलाज नसतो. तो बदलायचा.

बाकीच्यांच्या आकड्यांवर मित्र खुश झाला. बाबा नाहीत. "बसल्या जागी सगळेच बरे असतात. काम दे त्यांना."

काम म्हणजे हेडलाइटचा जुना बल्ब. पंचावन्न वॅटचा. डब्याच्या दोन टोकांना लावायचा, दोन मिनिटं जळू द्यायचा आणि मीटरवरून नजर हलवायची नाही. या दोन मिनिटांसारखी करमणूक मी अलीकडे पाहिलेली नाही. टोकाचे डबे जरा खाली उतरून तिथेच पाय रोवून उभे राहत. मग दहा-अकरापासून पुढे रंग बदलला. पावणेआठ म्हणून मिरवणारा डबा बल्ब लागताच सव्वासातवर यायचा आणि तिथेही थांबायचा नाही. शेवटचे आकडे एकेक करून सुटत जायचे आणि बल्ब पिवळा पडत जायचा. विसाच्या पुढे पुन्हा सगळं स्थिर. कारण साधं आहे. कडेच्या डब्यांना वारा मिळतो. मधले दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या उबेत उकडत राहतात, आणि म्हणून सहसा तेच आधी थकतात. मधल्यांचंच असं व्हावं याचं मला, का कोण जाणे, वाईट वाटलं.

डबे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडल्या होत्या. अमेरिकन मंडळी त्या व्हिनेगरमध्ये बुडवतात. वहिनींनी त्या हातातून काढून घेतल्या, चिंच-मिठाने घासल्या आणि लख्ख करून ताटात घालून आणून दिल्या. वर बजावलं, की मीठ राहिलं तर परत हिरवं धरेल, म्हणून तीन पाण्यांनी धुऊन पुसल्यात. या साऱ्या प्रकारात पहिल्याच फटक्यात पूर्ण यशस्वी झालेलं काम हे एवढंच.

पुढचं काम वेळखाऊ. रिमोटच्या विमानांसाठी मिळतो तसला चार्जर लावून एकेक डबा आधी सहा व्होल्टपर्यंत रिकामा करायचा आणि मग हळूहळू काठोकाठ भरायचा. आयुष्यभर चाळीस ते ऐंशीत राहिलेल्याला कडकडीत एकादशी आणि लगेच द्वादशीचं पारणं. फेऱ्या होतील तशी आठवण परत येते. नव्या डब्यात साडेसहा अँपिअर-तास मावतात. थकलेला एक पहिल्या फेरीत जेमतेम अडीच देऊन आडवा झाला, पुढच्या फेऱ्यांत चारच्या वर गेला. भरताना डबे दोन पाट्यांमध्ये घट्ट आवळून ठेवावे लागतात, नाहीतर पोट फुगतं. आणि पोट भरल्याची खूणही गमतीची: व्होल्टेज चढत चढत जातं आणि भरल्यावर किंचित उतरतं, डबा कोमट होतो. चार्जर ती किंचित घसरण ओळखूनच थांबतो. जेवणानंतरची सुस्ती हे शास्त्र आहे, असं बाबांनी या निमित्ताने जाहीर केलं.

या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीला व्यवहारात आणणारा अमेरिकन संशोधक स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की कॉलेजात कधी गेलाच नव्हता. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात लेथ मशीनवर सुरुवात करून स्वतःच शिकत गेलेला माणूस. हे ऐकल्यावर बाबांनी ताठ बसून पुन्हा नाव विचारलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. हल्ली पुण्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसमध्येही याच जातीची बॅटरी आहे. तेव्हा कराडला परतल्यावर आपली विद्या वाया जाणार नाही, असा त्यांचा होरा दिसला.

यात पैसे वाचले का? विजेचा खर्च नगण्य, भंगारवाल्याकडून आणलेला एक जुना डबा स्वस्त, पण चार्जर, हातमोजे, मीटर आणि संध्याकाळी धरल्या तर माझ्या मते नाही. शिवाय ही दुरुस्ती कायमची नसते. अठ्ठावीस डबे एकाच वयाचे. एकाला बरं केलं की दुसरा कुरकुरतो. रोज नोकरीला त्याच गाडीने जाणाऱ्याने सरळ नवी बसवावी. मित्राला हे सगळं पाठ आहे, आणि तो ते मान हलवत ऐकतो.

गाडी सुरू झाली. पडद्यावर हिरवा 'रेडी' उमटला, लाल त्रिकोण गेला. बाबा शेजारच्या सीटवर बसून टेकडीच्या रस्त्याने जाऊन आले. परत आले ते वहीत नोंद करतच.

आता ते कराडला आहेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवंडांची चौकशी होते आणि मग आवाज बदलतो.

"आठवी जोडी काय म्हणते?" गाडीचा कॉम्प्युटर डबे जोडीजोडीने मोजतो, म्हणून जोडी.

"चढावर जरा उतरते, बाबा. अर्धा व्होल्ट."

"उघडू नकोस. मी फेब्रुवारीत येतोय, तेव्हा बघू."

तेवढ्या तिकिटात दुरुस्त केलेली अख्खी बॅटरी दुकानातून घरपोच येते, असं वहिनींनी मागून सांगितलं. बाप-लेकांपैकी कुणालाच ते ऐकू गेलं नाही.