तास सुटलेला बैल

म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपुराजवळ सोसले नावाचं गाव आहे. तिथल्या व्यासराज मठाच्या दर्शनाला निघालो होतो. गाडीत भाचा मोबाइलवर इंग्रजी बातमी वाचत होता.

"मामा, गर्दी 'डिलिरियस' झाली म्हणजे काय झाली?"

"आनंदाने वेडी," मी ठोकून दिलं.

पण पोराला शब्दकोश उघडायची वाईट खोड. 'लिरा' म्हणजे लॅटिनमध्ये नांगराची सरी किंवा तिच्या कडेचा वरंबा. 'डी' म्हणजे तिथून ढळलेला. थोडक्यात, तास सोडून भलतीकडे निघालेला बैल.

डॉक्टरांनी हा शब्द भ्रमात बरळणाऱ्या रोग्याला लावला. आमची आजी अशाला 'वात झालाय' म्हणे आणि कपाळावर पट्टी ठेवी. वर्तमानपत्रांनी तोच 'डिलिरियस' क्रिकेटला बहाल केला. आता वात झाला की पट्टी ठेवत नाहीत, उघडी बस काढतात.

4 जुलै 2024ला मुंबईत मरीन ड्राइव्हवर विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघाची अशीच बस निघाली. नंतर महापालिकेने गोळा केलेल्या कचऱ्यात चपलाबुटांचे ढीग होते. अनवाणी घरी पोचलेल्यांनी बायकोला काय सांगितलं असेल, यावर खरं तर स्वतंत्र लेख व्हावा.

पुढच्या वर्षी, 4 जून 2025ला, बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जण चेंगरून मेले. आत आयपीएल जिंकलेल्या संघाचा सत्कार चाललाच होता. वाहिन्यांवर दुपारी 'जल्लोष' होता, संध्याकाळी 'दुर्घटना', रात्री 'जबाबदार कोण?' दर तासाला शब्द बदलत गेला. तास मात्र केव्हाच सुटलं होतं. मग आयोजक, पोलीस आणि सरकार एकमेकांकडे बोट दाखवू लागले. बैल उधळला होता यावर एकमत होतं. कासरा कोणाच्या हातात होता, ते काही ठरेना.

मठ आला. ज्या व्यासतीर्थांची ही परंपरा, त्यांचे शिष्य पुरंदरदास पायात चाळ बांधून नाचत. आपला वारकरीही भान हरपून नाचतो, पण दिंडीचा नंबर सोडत नाही. त्याला कोणी डिलिरियस म्हणून दाखवावं!

हे सगळं मी भाच्याला परतीच्या वाटेवर सुनावत होतो. तेवढ्यात ड्रायव्हरने रेडिओवर सामना लावला. शेवटचं षटक, सहा धावा हव्यात. चेंडू उंच गेला, मी ओरडत उठलो आणि डोकं टपावर आदळलं.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, तास."