तोंडी ‘नाही’

गेल्या पावसाळ्यात एका जिल्हा कारागृहाच्या फाटकाशी मुलाखतीच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक बाबा. हातात कापडी पिशवी, पिशवीत मुलाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि त्या पाकिटांना रबरबँडनं बांधलेली डॉक्टरांची चिठ्ठी. हवालदारानं पिशवी चाचपली, गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

“बाबा, औषध आत जात नाही. कोर्टाची ऑर्डर आणा.”

“साहेब, चिठ्ठी आहे डॉक्टरांची.”

“ऑर्डर आणा म्हटलं ना.”

संपलं. मुलगा कच्चा कैदी, खटला अजून उभाही राहिलेला नाही. बाबा तीन तासांचा एसटीचा प्रवास करून आलेले.

बाहेरचं औषध थेट कैद्याच्या हाती देऊ नये, हे मान्य. पण ते घेऊन, पोच देऊन तुरुंगाच्या डॉक्टरांकडे पाठवायला न्यायाधीशाची सही कशाला हवी? इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या तुरुंग कायद्याचं ३७वं कलम बघा. कैदी आजारी दिसला किंवा त्यानं वैद्यकीय कर्मचाऱ्याला भेटायचं म्हटलं, तर ज्याच्या ताब्यात तो आहे त्या कर्मचाऱ्यानं विनाविलंब जेलरला कळवायचं. म्हणजे जबाबदारी बराकीतल्या शिपायापासून सुरू होते. ती बाबांच्या गळ्यात टाकायची सोय कायद्यात नाही.

हे ‘ऑर्डर आणा’ फक्त गरिबांच्याच वाट्याला येतं असं नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तळोजा कारागृहात कच्चे कैदी असलेले पत्रकार गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला. घरच्यांनी पोस्टानं दुसरा पाठवला, तो तुरुंगानं घेतला नाही, असं त्यांनी सांगितलं. चष्म्याशिवाय नवलखांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली, तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्या असं सुचवावं लागलं. त्याच सुमाराला, त्याच तुरुंगात पार्किन्सन्सनं हात थरथरणारे ८३ वर्षांचे पाद्री स्टॅन स्वामी पाणी पिता यावं म्हणून सिपर मागत होते. त्यासाठी अर्ज आणि कोर्टाच्या तारखा. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे हा प्रश्न इथे येतच नाही. तहान लागलेल्या म्हाताऱ्याला पाणी पिता आलं पाहिजे, एवढंच.

अशी अडवणूक करता येते का, याचं उत्तर आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच मिळालंय आणि तेही एका मराठी पुस्तकामुळे, म्हणून मला त्याचा विशेष जिव्हाळा. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं आणि छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकार नाही म्हणालं. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला ज्या सवलती नियमांत लिहून दिल्यात तेवढ्याच त्याच्या. पुस्तक पाठवणं त्यात नाही, म्हणून मनाई. उच्च न्यायालयानं हे मानलं नाही. सरकार अपिलात गेलं आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयातही हरलं. मनाई करायची तर ती नियमात लिहिलेली दाखवा. नियमात नसेल तर अडवता येणार नाही.

फाटकावर आज नेमकं याच्या उलटं चालतं. यादीत नाही ना? मग नाही. आणि हे ‘नाही’ तोंडी असतं. कागद नाही, कलम नाही, सही नाही. त्यामुळे त्याच्याविरुद्ध दाद मागायची तर कशाच्या आधारावर मागणार?

लिहिलेलं कर्तव्यसुद्धा कसं हरवतं ते पाहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला, की तुरुंग अधीक्षकानं स्वतः ताबडतोब कोर्टात लेखी अर्ज करायचा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून. कैद्यानं विनवणी करायची नाही, वकील शोधायचा नाही; अधीक्षकानं दिवस मोजायचे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्ची. एवढ्यांचे दिवस मोजायला प्रत्येक तुरुंगात निदान एक धड नोंदवही आणि ती रोज उघडणारा माणूस तरी हवा; नाहीतर हे कर्तव्य कागदावरच राहतं.

हवालदाराला झोडपून मला मोकळं व्हायचं नाही. आर्थर रोडसारख्या ठिकाणी मान्य संख्येच्या तिपटीनं माणसं कोंबलेली असतात, पहारा तेवढ्याच हातांनी द्यायचा असतो. काही आत गेलं आणि गडबड झाली तर निलंबन त्याचं. अडवलं तर त्याला कुणी जाब विचारत नाही. अशा हिशेबात तो ‘नाही’च म्हणणार. म्हणूनच हा हिशेब वरून बदलायला हवा, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. फाटकावर एक छापील वही ठेवा. वस्तू नाकारली की काय नाकारलं, कुठल्या नियमानं, कुणी; खाली सही, आणि एक प्रत नातेवाइकाच्या हातात. नियमाचा क्रमांक लिहायची वेळ आली की निम्मे नकार लिहिण्याआधीच गळून पडतील, याची मला खात्री आहे. उरलेल्या निम्म्यांत हवालदारालाही आधार मिळेल.

बाबांना त्या दिवशी असा कागद मिळाला नाही. त्यांनी गोळ्या पुन्हा रबरबँडमध्ये बांधल्या, पिशवी छत्रीखाली धरली आणि फाटकासमोरच्या टपरीवाल्याला विचारलं, कोर्ट कुठल्या अंगाला आहे. त्यानं हातानं दिशा दाखवली आणि सांगितलं, “आज बंद असतंय बाबा, दुसरा शनिवार.”