गढूळ ग्लासाची तक्रार

यवतमाळच्या एका बाजूला वर्धा. तिथे गांधीजींच्या पुण्याईनं दारूबंदी. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर. तिथेही २०१५ ते २०२१ दारूबंदीच होती. अशा कोरड्या शेजारात राहिल्यानं या विषयातल्या आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, असा आम्हा यवतमाळकरांचा समज आहे. निदान माझा तरी होता.

पुण्यात नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, या खेपेला तुम्हाला मायक्रोब्रुअरीत नेतो." झालं! ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये रात्रभर मोबाइलवर अभ्यास केला. २००९ मध्ये डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि पुण्याला ताज्या बिअरची गोडी लागली, हे कळलं. पण खरा ऐवज म्हणजे बव्हेरियाचा १५१६ सालचा कायदा. बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी. चौथं काही नाही! हे मी घोकून ठेवलं. बारावीला इतकं घोकलं असतं तर भाच्याच्या जागी मी असतो.

शनिवार होता. बराच वेळ बाहेर ताटकळल्यावर टेबल मिळालं. काचेमागे स्टीलच्या टाक्या चकाकत होत्या, थेट आमच्या दूध संघासारख्या. मी ऐटीत म्हणालो, "एक थंडगार बाटली आण भाऊ. स्ट्राँग."

"सर, बाटली नसते. सगळं टॅपवर. हॉपी आवडते की मॉल्टी?"

"दोन्ही," मी म्हणालो. भाच्यानं टेबलाखालून पाय मारला आणि सॅम्पलर मागवला.

लाकडी फळीवर इवलेइवले ग्लास आले. पहिली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. कडू जहर! भाच्यानं समजावलं, इंग्लंडहून जहाजानं इथे यायला महिनोन्महिने लागायचे, बिअर टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालत.

"म्हणजे कडू माल आपल्याच माथी मारायची रीत जुनीच," मी म्हणालो. संध्याकाळभरात माझं हे एकच वाक्य बरं जमलं.

दुसरा ग्लास गढूळ. नाकाशी नेला तर केळ्याचा भपकारा. पुणं झालं म्हणून काय झालं? मी आवाज चढवून वेटरला बोलावलं. "टाकी धुतली नाही का रे? केळ्याचा वास येते याला. बदलून दे."

वेटर गेला आणि गमबूट घातलेली पंचविशीतली मुलगी आली. बिअर बनवणारी तीच! "सर, ही गव्हाची बिअर आहे. गाळत नाही, म्हणून गढूळ."

"आणि केळी कशाला घालता? १५१६ चा कायदा काय सांगतो?" शेजारचं टेबल एव्हाना आमच्याकडे वळलं होतं.

"केळं घातलेलंच नाही सर. तो वास यीस्टमुळे येतो. त्या कायद्यात यीस्टचा उल्लेखच नव्हता. गहूसुद्धा नव्हता. पुढे तिथल्या राजघराण्यानंच गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे ठेवला."

कायदा तोंडपाठ होता, पण त्याच्या पुढचं वाचायच्या आतच झोप लागली होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मान खाली घालून हसलं. भाचा मेन्यूकार्डात तोंड खुपसून बसला.

तेवढ्यात ठेचा चिकन आलं. "तिखट आहे सर," वेटर म्हणाला. "आम्ही विदर्भातले आहो," म्हणत मी मोठा घास घेतला. ठसका असा लागला की हाताला येईल तो ग्लास तोंडाला लावला. तो नेमका केळ्यावाला. गार, मऊसर, मागे किंचित लवंग. जिभेची आग क्षणात विझली. मी वेटरला खूण केली आणि हळू आवाजात म्हणालो, "हीच. मोठा ग्लास."

बिल भाच्यानंच भरलं. किती झालं ते मला दाखवलं नाही, मीही आग्रह केला नाही.

चिकन फर्मास होतं, गव्हाची बिअर त्याहून फर्मास. पुण्याला गेलात तर जरूर प्या, आयपीए मात्र भाच्याला द्या. आणि ग्लासाला केळ्याचा वास आला तर कृपा करून बदलून मागू नका.